एकच किल्ली, अनेक हात

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. कोपरखैरणे स्थानकावर उतरलेली गर्दी पांगत पांगत बोनकोडे गावठाणाच्या गल्ल्यांत शिरते. एका खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या खिडकीला लागेल, अशी दाटीची वस्ती. इथल्या भाड्याच्या खोल्यांत महापे, घणसोली, ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणारी कितीतरी मुलेमुली राहतात. जेवण उरकून त्यांतली एखादी लॅपटॉप उघडते. सकाळी साहेबांना दाखवायचा विक्रीचा आलेख अजून बाकी असतो. ती कामाला लागते. पण पहिल्या चार-पाच ओळींत स्वतःचे असे काहीच लिहीत नाही. दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले फक्त मागवून घेते. अर्ध्या मिनिटात ते येते, एक पैसाही न देता.

तिला विचारा, तुझी आवडती साधने कोणती? ती भराभर नावे सांगेल. पायथन, नमपाय, मॅटप्लॉटलिब, सायकिट-लर्न. ही नावे आपल्यापैकी अनेकांना परकी वाटतील. यांतली पायथन ही भाषा; बाकीच्यांना प्रोग्रामर मंडळी ‘लायब्ररी’ म्हणतात. इथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे घर नव्हे, तर वारंवार लागणारी कामे करणाऱ्या तयार सूचनांचा संच. गवंडी जसा विटा स्वतः भाजत बसत नाही, तसा प्रोग्रामरही आलेखाची प्रत्येक रेघ कशी काढायची, हे नव्याने लिहीत नाही. आणि या लायब्ररी ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्तस्रोत असतात. त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा आणि पुढे द्यावा, अशी परवानगीच त्यांच्यासोबत येते.

आरोग्य आणि विज्ञानाच्या या सदरात संगणकाची ही गोष्ट कशाला, असे वाटेल. कारण असे की, विक्रीच्या आलेखासाठी तिने मागवलेल्या यांतल्या बहुतेक लायब्ररींचा जन्म विक्रीसाठी झालेला नाही. कोणी मेंदूच्या रुग्णांसाठी, कोणी शरीराच्या आतली चित्रे वाचण्यासाठी ती साधने घडवली आणि नंतर जगाला देऊन टाकली. आज ती टिकून आहेत, ती काही थोड्या माणसांच्या मेहनतीवर. त्या माणसांच्या तब्येतीवर, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

पाळीपाळीने फिरणारी किल्ली

अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा आकडी येणे म्हणतो, तो मेंदूतल्या विद्युत संदेशांच्या गोंधळाचा आजार आहे. (फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग नसतो. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.) बहुतेक रुग्णांना औषधांनी आराम पडतो. पण साधारण तीनांतल्या एकाला औषधे पुरेशी पडत नाहीत. अशांपैकी काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार होतो. मेंदूचा जो छोटा भाग झटक्याची सुरुवात करतो, तो सापडला आणि काढता येण्याजोगा असला, तर झटके थांबू शकतात.

तो भाग शोधायचा कसा? कवटीच्या आत, थेट मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतअग्रांची पट्टी ठेवतात आणि कित्येक दिवस नोंद घेतात. या तपासणीला इलेक्ट्रोकॉर्टिकोग्राफी म्हणतात. डझनावारी रेघा एकाच वेळी सरकत असतात. झटका येताना कोणती रेघ आधी बिघडली, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचे असते. चुकीची जागा निवडली, तर मेंदूचा चांगला भाग कापला जाण्याचा धोका.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन हंटर हा मज्जासंस्थेचा अभ्यास करणारा शिकागोतील तरुण संशोधक अशाच नोंदींवर काम करत होता. नोंदी पाहण्याचे सॉफ्टवेअर विकतचे होते आणि चमूकडे त्याचा परवाना एकच होता. तो परवाना म्हणजे संगणकाला लावायची एक छोटी किल्ली. ती लावल्याशिवाय कार्यक्रम उघडत नसे. विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर, संशोधक असे सगळे त्या एका किल्लीवर पाळीपाळीने काम करायचे. एकाचे काम चालू असले की बाकीचे थांबायचे.

हंटरने आधी दुसऱ्या एका विकतच्या प्रणालीत स्वतःचा कार्यक्रम लिहून पाहिला. पसारा वाढला, तशी ती अपुरी पडू लागली. मग तो पायथनकडे वळला. पायथन ही नेदरलँड्सच्या गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये खुली केलेली भाषा. वाचायला सोपी, वापरायला मोकळी. पण तिच्यात मनासारखे आलेख काढण्याची सोय त्याला सापडेना. म्हणून ती त्याने स्वतः लिहिली. २००३ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली आणि नाव दिले मॅटप्लॉटलिब.

किल्लीची रांग संपली, ती केवळ त्याच्या प्रयोगशाळेतली नव्हे. २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यान मंगळावर उतरले, तेव्हा आलेली माहिती पाहण्यासाठीही हीच लायब्ररी वापरली गेली. आज शाळेच्या प्रकल्पापासून शोधनिबंधापर्यंत आणि बोनकोड्यातल्या त्या विक्रीच्या आलेखापर्यंत ती सगळीकडे आहे.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

आलेख काढायला आकडे लागतात, आणि वैद्यकातले आकडे थोडेथोडके नसतात. सीटी स्कॅनची फिल्म आपल्या हाती येते, तेव्हा आपल्याला करडे-काळे चित्र दिसते. संगणकाला मात्र तो आकड्यांचा चौकोनी तक्ता दिसतो. एका छेदाचा तक्ता साधारण ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभांचा, म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ आकड्यांचा. तपासणीत असे ३०० छेद घेतले, तर आकडे झाले ७ कोटी ८६ लाखांहून अधिक. एकेका आकड्यावर वेगळी क्रिया करत बसले, तर काम रेंगाळते. सगळा तक्ता एकदम हाताळता आला, तर तेच काम चुटकीसरशी होते.

हे करणारी लायब्ररी म्हणजे नमपाय. तिचा कर्ता ट्रॅव्हिस ऑलिफंट. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये त्याने जैववैद्यकीय प्रतिमांवर पीएचडी केली. एमआरआय आणि सोनोग्राफीच्या माहितीशी झुंजताना त्याला पायथनची गोडी लागली. २००१ मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत सायपाय ही वैज्ञानिक गणिताची लायब्ररी उभी केली. त्या काळी आकड्यांच्या तक्त्यांसाठी पायथनमध्ये दोन वेगळ्या लायब्ररी होत्या. त्यांतली एक हबल दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या संस्थेतून आलेली. वापरणारे दोन तटांत विभागले गेले होते. ऑलिफंटने दोन्हींचे गुण एकत्र करून २००६ मध्ये नमपाय आणली आणि तट मिटले.

या कामाची व्याप्ती पाहा. २०१९ च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराचे पहिले चित्र जगासमोर आले, त्याच्या गणितात नमपाय होती. २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या, त्या माहितीच्या विश्लेषणातही याच कुळातली साधने होती. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. उद्या तिथे बसलेला मराठवाड्यातला विद्यार्थीही दिवसाची सुरुवात बहुधा याच चार-पाच ओळींनी करेल.

आणि तरीही, नमपायला पहिले मोठे अनुदान मिळाले ते २०१७ मध्ये. रक्कम सुमारे ६ लाख ४५ हजार डॉलर. तोवर अकरा वर्षे जगभरचे विज्ञान ज्या तक्त्यांवर हिशेब मांडत होते, त्यांची देखभाल प्रामुख्याने स्वयंसेवक आपापली नोकरी सांभाळून करत होते.

खाडीपलीकडची ‘मायावी’

हे सगळे साता समुद्रापलीकडचे आहे, असे समजू नका. बोनकोड्याहून निघावे, ऐरोलीच्या पुलावरून ठाणे खाडी ओलांडावी आणि पवई गाठावी. तिथल्या आयआयटी मुंबईत एरोस्पेस विभागात प्रभू रामचंद्रन हे प्राध्यापक आहेत. प्रोग्रामरच्या जगात त्यांची ओळख आहे ती ‘मायावी’ या साधनाचे कर्ते म्हणून. विद्यार्थिदशेतच त्यांनी ते लिहायला घेतले. नाव आपल्या ओळखीचे, आणि कामही नावाला साजेसे. कोरड्या आकड्यांतून त्रिमितीय आकृती डोळ्यांसमोर उभी करायची, ती फिरवायची, कापून आतून पाहायची.

मायावी ज्या पायावर उभी आहे, त्याचे नाव व्हीटीके. तिचेही मूळ वैद्यकाजवळ जाते. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बिल लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये एक रीत शोधली. सीटी किंवा एमआरआयचे सपाट छेद एकावर एक रचून त्यांतून हाडाचा किंवा अवयवाचा घन पृष्ठभाग कसा काढायचा, याची ती रीत. पुढे लॉरेन्सन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत व्हीटीके ही लायब्ररी १९९३ मध्ये लोकांपुढे ठेवली.

मायावीच्या विकासात रामचंद्रन यांना साथ मिळाली गाएल वारोको या फ्रेंच संशोधकाची. दोघांनी मिळून २०११ मध्ये मायावीवर शोधनिबंध लिहिला. वारोको पॅरिसजवळ मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या गटात होते. त्याच गटाच्या पुढाकाराने २०१० मध्ये सायकिट-लर्नची पहिली जाहीर आवृत्ती निघाली. आकड्यांतून संगणकाला शिकवण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी ही लायब्ररी. गिऱ्हाईक पुढे काय विकत घेईल, याचा अंदाज बांधायला महाप्यातल्या कंपन्यांत तिचा उपयोग होतो. ती वाढली मात्र मेंदूची चित्रे वाचणाऱ्यांच्या हाताखाली. याच गटातले अलेक्झांडर ग्रामफोर्ट यांनी मेंदूच्या विद्युत नोंदींसाठी एमएनई-पायथन हे साधन उभे केले आणि त्यात मेंदूचा घन पृष्ठभाग दाखवायला अनेक वर्षे मायावीच वापरली जात होती.

म्हणजे पाहा, शिकागोत अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवरच्या रेघा आणि पवईतून घडलेली मेंदूची घन आकृती, दोन्ही एकाच कामात शेजारी आल्या. या माणसांना एकत्र आणणारा करार नव्हता की मोबदला नव्हता. प्रत्येकाने आपली अडचण सोडवली आणि उत्तर उघडे ठेवले.

रंगाने फसणारे डोळे

उघडे ठेवल्याने काय साधते, याचे एक उदाहरण रंगांचे आहे. आकड्यांच्या तक्त्याचे चित्र करताना लहान आकड्याला निळा, मोठ्याला लाल आणि मधल्यांना हिरवा-पिवळा, असे इंद्रधनुष्यासारखे रंग देण्याची पद्धत जुनी होती. दिसायला ती आकर्षक, पण फसवी. इंद्रधनुष्यातला पिवळा पट्टा डोळ्यांत भरतो आणि जिथे आकड्यांत काहीच उडी नाही, तिथे उडी असल्यासारखे वाटते. शिवाय लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या रंगांधांना त्यातले अर्धे चित्र दिसतच नाही. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये कितीतरी अधिक आढळतो.

हार्वर्डमधील संशोधकांनी २०११ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रांवर याची परीक्षा घेतली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना धोक्याच्या जागा ओळखायला सांगितल्या. नेहमीच्या इंद्रधनुषी त्रिमितीय चित्रात त्यांनी अशा ३९ टक्के जागा ओळखल्या. मांडणी सपाट केली आणि रंगसंगती डोळ्यांना समजेल अशी निवडली, तेव्हा हे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले. आकडे तेच, फक्त दाखवण्याची रीत बदलली.

मॅटप्लॉटलिबमध्येही पहिल्यापासून इंद्रधनुषी रंगच आपोआप येत. नॅथनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हान डर वॉल्ट या दोघांनी डोळ्यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन जांभळ्यातून हिरव्याकडे आणि पुढे पिवळ्याकडे जाणारी नवी रंगपट्टी तयार केली. तिचे नाव विरिडिस. उजेड सगळीकडे सारखा वाढत जातो, रंगांधालाही फरक कळतो, कृष्णधवल छापली तरी अर्थ राहतो. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या आवृत्तीपासून ती नेहमीची पट्टी झाली. त्या एका बदलाने जगभरच्या असंख्य प्रयोगशाळांतली चित्रे कोणी न सांगता अधिक खरी झाली. मूळ मजकूर कुलूपबंद असता, तर बाहेरच्या दोघांना हा दोष दुरुस्त करता आला नसता.

आपल्याकडच्या घरगुती उदाहरणाने सांगायचे, तर बाजारातला पुडीतला मसाला आणि आगरी घरात उन्हाळ्यात कुटला जाणारा मसाला यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. पुडीत काय घातले, ते आपल्याला ठाऊक नसते. घरच्या मसाल्यात मिरची किती, खडा मसाला कोणता, हे शेजारीण विचारू शकते, चूक सांगू शकते आणि आपल्या चवीप्रमाणे बदलून पुढे लेकीला देऊ शकते. विज्ञानाला नेमकी हीच सोय लागते. एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला तपासता आला नाही, तर त्याला विज्ञान म्हणता येत नाही.

दोन माणसे

आता या गोष्टीची दुखरी बाजू. २०१२ च्या जुलैमध्ये जॉन हंटर सायपायच्या परिषदेत प्रमुख भाषण करून घरी परतला. थोड्याच दिवसांत त्याला मोठ्या आतड्याचा, पुढच्या टप्प्यात गेलेला कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचारांतल्या गुंतागुंतीमुळे २८ ऑगस्ट २०१२ रोजी तो गेला. वय अवघे ४४. मागे पत्नी आणि तीन मुली.

मॅटप्लॉटलिब मात्र थांबली नाही. हंटरने आयुष्यभर येणाऱ्या प्रत्येकाला कामात सामावून घेतले होते. मूळ मजकूर सर्वांपुढे होता, तो समजणारी माणसे तयार होती. मायकेल ड्रॉटबूम आणि पुढे थॉमस कॅसवेल यांनी धुरा घेतली. वैज्ञानिक साधनांना आधार देण्यासाठी त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या नमफोकस या संस्थेच्या संस्थापकांतही हंटर होता. माणूस गेला, पण काम पोरके झाले नाही.

दुसरी गोष्ट फिनलंडच्या लासे कॉलिन यांची. फायली दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ हे साधन ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ते असते. २०२२ मध्ये काही जण त्यांच्यामागे लागले की, सुधारणा लवकर येत नाहीत, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. कॉलिन यांनी तेव्हा उघडपणे लिहिले की, आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हे काम म्हणजे बिनपैशाचा छंद आहे. त्याच काळात ‘जिया टॅन’ या नावाने कोणी एक मदतनीस धीराने, गोड बोलून काम करत होता. हळूहळू विश्वास बसला आणि साधनाच्या किल्ल्या त्याच्याही हाती आल्या.

२०२४ च्या सुरुवातीला त्याने त्या साधनात एक चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकात बिनबोभाट शिरता येईल, असा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो आहे, असे जाणवले. त्याने कारण खोदून काढले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. दूषित आवृत्ती अजून सगळीकडे पोहोचली नव्हती, म्हणून निभावले. पोहोचली असती, तर बँका, सरकारी कार्यालये आणि रुग्णालये यांचे संगणक एका अनोळखी माणसाच्या मुठीत जाऊ शकले असते.

या हल्ल्यात तंत्राची करामत होतीच. पण तो सुरू झाला एका थकलेल्या माणसापासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या स्पष्ट केली. तिने त्याला आजार म्हटलेले नाही. कामातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. तिची तीन लक्षणे सांगितली जातात. शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, असे वाटत राहणे. बिनपगारी देखभाल करणाऱ्याच्या वाट्याला यांत आणखी एक भर पडते. त्याला रजा देणारे कोणी नसते आणि बदली माणूसही नसतो. साधन नीट चालते तोवर त्याची आठवण कोणाला होत नाही. बिघडले की सगळे दारात उभे राहतात.

हंटर गेल्यावरही त्याची लायब्ररी तगली आणि कॉलिन असतानाही त्यांचे साधन संकटात आले. फरक होता तो भोवतालच्या माणसांचा. एकाच्या मागे हात होते, दुसऱ्याच्या मागे तगादा.

आपल्या हातात काय आहे

पहिली जबाबदारी ही साधने वापरून पैसे मिळवणाऱ्यांची. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ज्या कंपन्यांची उत्पादने या विटांवर उभी आहेत, त्यांनी आपल्या अभियंत्यांना महिन्याचे काही तास त्या विटांच्या दुरुस्तीसाठी, पगारासह द्यावेत. देणगीपेक्षाही अनेकदा एका जाणत्या माणसाचा वेळ मोलाचा ठरतो.

विद्यार्थ्यांसाठी दार जवळच आहे. आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ हा केंद्र सरकारच्या पाठबळावर चालणारा प्रकल्प देशभरच्या विद्यार्थ्यांना मुक्तस्रोत साधनांच्या कामात घेतो. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे मुक्त साधनांत लिहून सगळ्यांसाठी ठेवण्याचे काम तिथे विद्यार्थीच करतात. त्याच संस्थेतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पायथनसह अशा साधनांचे छोटे ध्वनिचित्र धडे मराठीतही मिळतात. इंग्रजीच्या धाकाने मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते फार उपयोगाचे आहेत. आणि मदत म्हणजे दर वेळी अवघड प्रोग्राम लिहिणेच नव्हे. चूक कुठे, केव्हा, कशी दिसते हे नीट लिहून कळवणे, माहितीपत्रकातले न समजणारे वाक्य सोपे करणे, भाषांतर करणे हीही कामेच आहेत.

डॉक्टर आणि संशोधकांनी शोधनिबंधात औषधाचे नाव लिहितो, तसे वापरलेल्या लायब्ररीचेही नाव लिहावे. अनुदान देणाऱ्यांना त्यावरूनच कळते की, हे काम कोणाच्या उपयोगी पडते.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. साधन खुले आहे, म्हणजे ते निदानासाठी प्रमाणित आहे, असे नाही. भारतात २०२० पासून वैद्यकीय वापराचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याखाली येते. कोणी घरी बसून मोफत साधनांवर एक्स-रे वाचणारा कार्यक्रम बनवला, तर तो अभ्यास म्हणून उत्तम. त्याच्या भरवशावर औषध बदलू नये.

आणि शेवटची गोष्ट अगदी साधी, वागण्याची. फुकट मिळालेल्या वस्तूत दोष सापडला, तर कळवताना दोन शब्द नीट लिहावेत. समोर कोणीतरी दिवसभराची नोकरी करून, मुलांना झोपवून बसलेला असू शकतो. घरात असा कोणी प्रोग्रामर असेल, रात्री उशिरापर्यंत ‘लोकांचे काम’ करत असेल आणि अलीकडे चिडचिडा, झोप उडालेला दिसत असेल, तर त्याला हटकावे. गरज वाटली, तर डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी अशा वेळी मराठीतूनही बोलते.

१९७० मध्ये सिडको आली, त्याआधी ठाणे खाडीच्या या काठाला भातशेती होती, मिठागरे होती. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असत. खारजमिनीतल्या जाणत्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बांध एकदा घालून भागत नाही. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावी लागते. एका जागी खांड पडले, तर पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते आणि खारटलेली जमीन पुढची काही वर्षे भात देत नाही. म्हणून बांधावर मातीची पाटी टाकायला ज्याचे शेत, तो प्रत्येकजण यायचा.

आता त्या शेतांच्या जागी इमारती आहेत. रात्री बाराच्या सुमारास गावठाणातल्या त्या खोलीत आलेख तयार होतो. मुलगी तो जतन करते, दिवा मालवते. सकाळी साहेब म्हणतील, छान झालाय. तिने मागवलेल्या पहिल्या चार-पाच ओळींत एका गेलेल्या माणसाची आणि अनेक जाग्या माणसांची मेहनत आहे, हे तिला ठाऊक असेल, तर पुढच्या सुटीच्या दिवशी एक पाटी माती तीही टाकून येईल.